सातवीच्या वर्गात लेखन कार्यशाळा घेतेय, पहिला शनिवार पार फसला, मदत हवीये

चौकोनी_वही

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा लांबणारे, सांभाळून घ्या.

कुर्ल्याच्या बाजूला रेल्वे लाईनला चिकटून एक मराठी शाळा आहे, तिथे मी सातवीच्या मुलांची लेखन कार्यशाळा घेतेय. चार शनिवार, दर वेळी दोन तासिका जोडून, म्हणजे हातात साधारण सत्तर मिनिटं. मुलं ४२. मी शिक्षिका नाही, दिवसभर भाषांतराची कामं करते. तिथल्या वर्गशिक्षिका ओळखीच्या, त्या म्हणाल्या मुलं गाईडमधलं सोडून एक ओळ लिहीत नाहीत गं, तू ये आणि काहीतरी कर. मी लगेच हो म्हटलं.

काल पहिला शनिवार झाला आणि घरी आल्यापासून मला चैन नाहीये. मी फळ्यावर ‘पाऊस’ असं लिहिलं आणि सांगितलं, जे वाटेल ते लिहा, काही बंधन नाही. वीस मिनिटांनी कागद गोळा केले तर जवळजवळ सगळ्यांवर तेच. आकाशात काळे ढग दाटून आले, विजांचा कडकडाट झाला, टपोरे थेंब पडू लागले, मातीचा सुगंध दरवळला, बळीराजा सुखावला. आता या मुलांच्या वस्तीत पाऊस म्हणजे काय ते मला वर्गशिक्षिकांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. गटार तुंबलं की घरात पाणी, मग गाद्या माळ्यावर, गॅसची शेगडी टेबलावर, आणि रात्रभर कोणीतरी जागं. त्यातलं एक अक्षर कागदावर नाही. एका मुलाने शेवटी ‘अशा प्रकारे पाऊस हा आपला मित्र आहे’ लिहून खाली पट्टीने दोन रेघा मारल्या होत्या.

मुलांची चूक नाहीच आहे, मी काय चुकले ते कळत नाहीये. अजून तीन शनिवार आहेत. कोणी वर्गात असं काही केलं असेल तर प्लीज सांगा.

खडूफळा

अगं चौकोनी, आधी शांत हो. मी लालबाग परळ भागात ३१ वर्षं मराठी शिकवलं, आता रिटायर होऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे थोडं हक्काने सांगते.

तू फळ्यावर एक शब्द लिहिलास आणि बाजूला झालीस. मुलांच्या दृष्टीने फळ्यावर लिहिलेला शब्द म्हणजे निबंधाचा विषय, आणि निबंध कसा लिहायचा हे त्यांना तिसरीपासून शिकवलंय, प्रस्तावना, वर्णन, उपसंहार. पाहुण्या बाई आल्यात तर त्यांच्यासमोर नीट वागायचं म्हणून त्यांनी त्यांच्याकडचं सगळ्यात चांगलं, बाईंनी ज्याला शेरा दिला होता ते तुला काढून दिलं. घरी पाहुणे आले की आपण नवे कप काढतो ना, तसं. घरातला रोजचा कानतुटका कप तुला बघायचा असेल तर आधी तुला घरातली व्हावं लागेल.

‘जे वाटेल ते’ हे मोठ्यांनाही जमत नाही. विषय देऊ नकोस, जागा दे. मी एक प्रश्न वापरायचे: तुला एकटं बसायचं असेल तर तू कुठे जातोस? एवढाच. मुंबईच्या मुलाला हा विचारून बघ. सव्वादोनशे चौरस फुटात सहा माणसं राहतात, तिथे एकटं बसायला जागा शोधावी लागते, आणि प्रत्येकाने ती शोधलेली असते. जिन्याचा कठडा, टाकीच्या मागे, पोटमाळा, एकाने मला लिहून दिलं होतं की सार्वजनिक नळाच्या ओट्यावर दुपारी दोन ते चार, कारण तेव्हा पाणी नसतं.

आणि दुसरं, सगळ्यात महत्त्वाचं, मुलांबरोबर तूही लिही. त्यांच्या बाकावर बसून, त्यांच्यासारख्याच कागदावर. आणि पहिलं वाचन तुझं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या १९४५ ला, पुढे १९५७ ला कोसबाडला. आदिवासी पाड्यातली मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, अंगणवाडी शब्द तिथला. लिहिण्याचंही तसंच करावं लागतं असं मला नेहमी वाटत आलंय.

पालिकेची_बाई

खडूफळा बाईंना पूर्ण अनुमोदन. मी पालिकेच्या शाळेत आहे, सकाळच्या सत्रात, थोडं प्रॅक्टिकल सांगते कारण ४२ मुलं आणि सत्तर मिनिटं हे गणित अवघड आहे. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असं आहे आणि ते ३५ सुद्धा लेखनासाठी खूप होतात.

सत्तर मिनिटांतली पहिली दहा बसण्यात, गप्पांत जातात, ती जाऊ देत. मग तू पाचेक मिनिटं बोल, त्याहून जास्त नको. मग पंचवीस मिनिटं सलग लिहिणं, या वेळात वर्गात कोणीही कोणाशी बोलायचं नाही, वर्गशिक्षिकांनीसुद्धा नाही (त्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर त्या मायेपोटी मागून ‘अरे ऱ्हस्व दीर्घ बघ’ म्हणत फिरतात). उरलेला वेळ वाचन. सगळ्या ४२ जणांचं वर्गासमोर वाचन होणार नाही, तो हट्ट धरू नकोस. सहा सहाचे सात गट कर, बाक फिरवून समोरासमोर लाव, गटात सगळ्यांनी वाचायचं आणि मग प्रत्येक गटातून ज्याला वाटेल त्याने पुढे यायचं. जबरदस्ती नको.

कागद सुटे दे, वही नको. वहीचं पान फाडताना मुलं घाबरतात, पानं मोजली जातात घरी. फुलस्केपचा सुटा कागद मिळाला की चुकायची भीती निम्मी होते, हे मी अनेकदा बघितलंय. पेन्सिलही चालेल, पण खोडरबर गोळा करून टेबलावर ठेव, नाहीतर पंचवीस मिनिटांतली पंधरा पहिली ओळ खोडण्यात जातात.

सायनचा_सिग्नल

सगळं पटतंय पण एक पालक म्हणून विचारतो, राग मानू नका. माझी मुलगी नववीत आहे. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या पेपरात २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत, पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, निबंध. तिथे साचा लागतो. पत्राचा मायना चुकला की गुण गेले. या मुलांच्या घरी दुसरं कोणी शिकवणारं नाही, गाईड हाच आधार. तो आधार काढून ‘मनातलं लिहा’ म्हटलं तर नुकसान त्यांचंच होईल ना? मी स्वतः सायनच्या चाळीतून गाईडं पाठ करून पास झालोय आणि मला त्याचा उपयोगच झाला.

खडूफळा

सिग्नल दादा, राग कशाला, प्रश्न अगदी रास्त आहे. मीही मुलांना गाईड वापरू दिलं, परीक्षा होतीच समोर. पण साचा शिकवायला नववी दहावीत मला किती दिवस लागायचे सांगू? पत्राचे सगळे प्रकार तीन आठवड्यांत व्हायचे. ज्या मुलांना चार ओळी स्वतःच्या लिहायची सवय होती ती साच्यात पटकन बसायची, कारण आत भरायला काहीतरी असायचं. ज्यांनी फक्त पाठ केलं होतं त्यांना ‘पुराच्या पाण्यात अडकलेल्या घराचे मनोगत’ आलं आणि गाईडमध्ये ‘पडक्या किल्ल्याचे मनोगत’ असलं की पेन हलायचं नाही. मी पर्यवेक्षणाला असायचे, डोळ्यांनी बघितलंय, मूल पंधरा मिनिटं कोऱ्या पानाकडे बघत बसलेलं. त्या पोराचं घर दोन महिन्यांपूर्वीच पाण्यात गेलेलं होतं, मला माहीत होतं, आणि मी त्याला काही सांगू शकत नव्हते.

सायनचा_सिग्नल

हे वाचून गप्प झालो बाई. धागा वाचत राहीन.

कोळीवाडा

मला भाषेबद्दल लिहायचंय, कारण हे मी कधी कुठे बोलले नाहीये.

मी वरळीची. सहावीत असताना बाईंनी ‘माझी आजी’ लिहायला दिला होता. मी खरंच आजीबद्दल लिहिलं, पहाटे ती बोंबील वलांडीवर टांगते, दोन दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून, आणि तिची बोटं एवढी भराभर चालतात की आम्हाला मोजता येत नाहीत. बाईंनी ‘वलांडी’ला लाल गोल केला आणि वर ‘दोरी’ लिहिलं. ‘आयस’ खोडून ‘आई’. शेवटी शेरा, भाषा सुधारावी. आता वलांडी म्हणजे दोरी नाही हो, बांबूंचा अख्खा मांडव असतो तो. बाई चांगल्या होत्या, जीव लावायच्या, त्यांना फक्त तो शब्द माहीत नव्हता. पण त्यानंतर मी घरातलं काहीच लिहिलं नाही शाळेत. दहावीपर्यंत माझी आजी पांढऱ्या केसांची होती आणि गोष्टी सांगायची. माझ्या आजीने मला एकही गोष्ट सांगितली नाही, तिला वेळच नव्हता.

चौकोनी, तुझ्या वर्गात मुलं ‘मला पेन भेटला’, ‘मी त्याला बोललो’ लिहितील. मुंबईत सगळेच तसं बोलतात. कृपा करून पहिल्या दिवशी लाल पेन काढू नकोस. आणि एखादा शब्द तुला कळला नाही तर त्या मुलालाच विचार, याचा अर्थ काय रे. आमच्या बाईंनी मला तेवढं विचारलं असतं तर मी त्यांना चित्र काढून दाखवलं असतं.

शाईपेन

कोळीवाडा ताई, हे लिहिल्याबद्दल आभार.

मी वर्तमानपत्रात अठरा वर्षं कॉपी तपासतोय, शुद्धलेखन हे माझं पोट आहे. तरी सांगतो, तपासणी ही लिहिण्याच्या शेवटची पायरी, आणि तीही वेगळ्या दिवशी. आपल्याकडचे शुद्धलेखनाचे नियम साहित्य महामंडळाचे, १९६२ ला १४ होते, १९७२ ला ४ वाढले, एकूण १८. एवढेच आहेत. सातवीच्या मुलाला एका बैठकीत एक नियम पुरतो. मी शेजारच्या मुलांना फक्त एवढं सांगतो की मराठी शब्दाच्या शेवटी इकार उकार आला तर तो दीर्घ, पाटी, पेरू, भाऊ (‘आणि’, ‘नि’ सोडून). मग आपापल्या कागदावर शेवटची अक्षरंच फक्त तपासायची. दुसऱ्याच्या वाक्यांवर नियम शिकताना मुलं जांभया देतात, स्वतःचं वाक्य असलं की डोळे बारीक करून शोधतात.

‘भेटला’ आणि ‘मिळाला’ याचं म्हणाल तर, लिहिताना कोणी बोलतंय का ते बघा. आई, मित्र, रिक्षावाला बोलत असेल तर जसं बोलला तसंच राहू दे, तिथे ‘शुद्ध’ केलं की माणूसच खोटा होतो. मूल स्वतः सांगत असेल तिथे दोन्ही शब्द पुढे ठेवा, ठरवू दे त्याला.

अजून एक. लेखन कार्यशाळा हा प्रकार आज जगभर वर्गात जसा चालतो त्यात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या डोनाल्ड ग्रेव्ह्ज यांचा मोठा वाटा आहे, १९८३ साली त्यांचं शिक्षकांसाठीचं पुस्तक आलं. त्यांनी आणि त्यांच्या बरोबरच्यांनी सरळ वर्गात जाऊन बसून मुलं लिहिताना नेमकं काय करतात ते बघितलं. मला त्यातलं सगळ्यात उपयोगी वाटलं ते म्हणजे लिहिणाऱ्या मुलाशेजारी दोन मिनिटं बसून त्याला प्रश्न विचारणं. सुधारणा सांगायची नाही, ऐकणाऱ्याला जे कळलं नाही तेवढंच विचारायचं.

चौकोनी_वही

दुसरा शनिवार झाला!! आत्ताच घरी आले, चहा पण नाही घेतलाय.

खडूफळा बाई, तुमचा प्रश्न जसाच्या तसा वापरला. आधी मी माझं वाचलं. गिरगावात आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर जिना वळतो तिथे एक बंद केलेली खिडकी होती, तिच्या कोनाड्यात मी बसायचे, बाबांची नोकरी गेली त्या वर्षी रोज बसायचे, कारण घरात सगळे फार हळू आवाजात बोलायला लागले होते. एवढंच, अर्धं पान. वाचून झाल्यावर वर्ग गप्प. मग खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, “बाई, हे खरंय?” म्हटलं हो. तो म्हणाला, “असं लिहिलेलं चालतं?”

मी म्हटलं चालतं. बास, नंतर पंचवीस मिनिटं फक्त पंख्याची खरखर आणि दर तीन चार मिनिटांनी लोकल. लोकल गेली की अख्खी इमारत थोडी हलते, मुलांना सवय आहे, कोणी मानही वर करत नाही.

काय काय आलं सांगू. एक मुलगी गच्चीवरच्या टाकीच्या मागे बसते, टाकी भरताना आतून जो आवाज येतो त्याच्यावरून तिला कळतं किती भरली. एक मुलगा मामाच्या रिक्षात, रात्री रिक्षा उभी असते तेव्हा मागच्या सीटवर. आणि ज्याने दोन रेघा मारल्या होत्या ना, तो एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट बंद आहे, किती दिवस ते त्याने लिहिलं नाही, फक्त लिहिलं की ‘लिफ्ट बंद पडल्यापासून आजी खाली उतरली नाही. मी लिफ्टच्या दारासमोर बसतो कारण तिकडे कोण येत नाही. आजी खिडकीत बसून रडते.’ शेवट वगैरे काही नाही, तिथेच थांबला.

माझ्याकडून एक चूक झाली. त्याने वाचल्यावर मी फार भारावून गेले आणि वर्गासमोर म्हटलं, अरे वा, किती सुंदर, डोळ्यात पाणी आणलंस. आणि मग पुढच्या गटातल्या तीन मुलांनी वाचताना लिहिलेलं बाजूला ठेवून तोंडीच आजी घातली. एकाची आजी वारली सुद्धा, वर्गशिक्षिका नंतर म्हणाल्या की ती ठणठणीत आहे, रोज त्याला सोडायला येते.

दुसरं एक गंभीर आहे. एका मुलीने लिहिलं, भरपूर लिहिलं, आणि मग कागदाच्या चार घड्या करून हातात धरून बसली. मी मागितला नाही. पण घरी येताना सारखं डोक्यात येतंय की मागायला हवा होता का.

पालिकेची_बाई

आधी त्या घडीबद्दल. नाही मागितलास ते बरोबर केलंस. आमच्या वर्गात नियमच आहे, घडी घातलेला कागद कोणी वाचायचा नाही, बाईंनीही नाही. पण याची दुसरी बाजू मुलांना आधीच सांगावी लागते, म्हणजे फसवणूक होत नाही. मी स्पष्ट सांगते, तुम्ही मला वाचायला दिलंत आणि त्यात कोणी तुम्हाला मारतंय, त्रास देतंय, नको तसा हात लावतंय असं असेल तर मी ते फक्त माझ्यापाशी ठेवू शकणार नाही, मला मदत आणावी लागेल. हे ऐकूनही मुलं देतात, कधी कधी त्यासाठीच देतात. पॉक्सो कायद्यात, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा तो, असा कळलेला अत्याचार कळवणं बंधनकारक आहे, शिक्षक असो की पाहुणा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, तो मी वर्गात भिंतीवर लिहून ठेवलाय, कोणाकडे बघून न सांगता. तू वर्गशिक्षिकांना एवढंच सांग की त्या मुलीकडे जरा लक्ष असू दे. मजकुराचा अंदाज बांधू नकोस, तिच्या कागदात छान काहीतरीही असू शकतं जे तिला फक्त स्वतःसाठी हवंय.

खडूफळा

कौतुकाचं मात्र लक्षात ठेव. वर्गात पहिलं ‘वा’ ज्याला मिळतं त्याच्यासारखं सगळे लिहायला लागतात, हे मी दर वर्षी बघितलं. म्हणून मी ‘छान’ म्हणायचंच सोडलं होतं, मी प्रश्न विचारायचे. शाईपेन म्हणाले तसं. त्या पोराला विचार, आजी खिडकीत बसते तेव्हा तिला खाली काय दिसतं? लिफ्टचं दार कसलं आहे, जाळीचं की पत्र्याचं? मूल उत्तर द्यायला घरी जाऊन बघून येतं. तुला त्याचं लिहिणं आवडलं हे त्याला त्या प्रश्नावरूनच कळतं.

कोळीवाडा

टाकीचा आवाज! आमच्याकडे पिंपाचा तसाच यायचा. त्या मुलीला सांग वरळीत एका बाईला हे वाचून फार बरं वाटलं.

चौकोनी_वही

तिसरा शनिवार. या वेळी घरचा अभ्यास दिला होता, कुठेही ऐकलेली दोन वाक्यं, जशी ऐकली तशी, एका शब्दाचाही बदल नको. मला वाटलं निम्मी मुलं विसरतील. ४२ पैकी ३९ जणांनी आणलं, कोणी हातावर लिहून, कोणी बसच्या तिकिटाच्या मागे.

“पुढे सरका, पुढे जागा आहे, मागे काय आयुष्य काढणार काय.” (कंडक्टर) “बाई एक हंडा घेऊ दे, पोरगं आजारी आहे.” “आजारी आहे म्हणून एकच घे.” (नळावर) “तू मला इंग्लिशमध्ये नको सांगू, तू मला खरं सांग.” (एका मुलीचे बाबा, फोनवर, कोणाशी ते तिला माहीत नाही)

ती वाक्यं फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकाने दुसऱ्या कोणाचं तरी एक वाक्य उचलून त्याच्या पुढे लिहायचं असं केलं. जे घरचं लिहायला लाजत होते ते इथे सुटले, कारण वाक्य दुसऱ्याचं होतं. तो नळाचा संवाद नऊ जणांनी घेतला आणि नऊ वेगळी भांडणं झाली, एकात हंडा मिळाला, एकात दोघी रडल्या, एकात पाणीच गेलं.

मग शेवटची पंधरा मिनिटं शाईपेनचा दीर्घ इकार उकार. खोडरबर परत दिले. एका मुलाने मला पकडलं, माझ्याच कागदावर ‘खिडकि’ झालं होतं घाईत, अख्खा वर्ग उभा राहिला दाखवायला. आणि कोळीवाडा, तुझी गोष्ट मी नाव न घेता मुलांना सांगितली. एकाने विचारलं वलांडी कशी असते, मला नीट सांगता आली नाही. चित्र काढून पाठवशील?

लिफ्टवाल्या मुलाशेजारी जाऊन बसले, आजीला खाली काय दिसतं विचारलं. तो म्हणाला विचारून सांगतो.

कोळीवाडा

पाठवते. आजच रात्री काढते.

पालिकेची_बाई

शेवटच्या दिवसासाठी सुचवते, हस्तलिखित अंक करा. आपल्या शाळांची जुनी रीत आहे, नव्याने काही शोधायला नको. प्रत्येकाला एक पान, स्वतःच्या अक्षरात, चित्र हवं तर कोपऱ्यात. टाचणी नको, दाभणाने शिवून घ्या, टिकतो. आणि बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाईन फुकट वाचता येतात, वर्गशिक्षिकांना दाखव, तुझे शनिवार संपल्यावर वाचायला मुलांकडे काहीतरी राहील.

चौकोनी_वही

चौथा शनिवार झाला, उशिरा लिहितेय कारण अंक शिवत बसले होते.

मुख्याध्यापिका बाईंनी आधी सुचवलं की उत्तम दहा निवडा, स्नेहसंमेलनात मांडू. मी त्यांना विनंती केली की ४२ पानं राहू देत. त्या मिनिटभर पानं चाळत बसल्या आणि मग म्हणाल्या ठीक आहे, ग्रंथालयाच्या कपाटात ठेवू, पण मुलांना काढून वाचता येईल अशा खालच्या फळीवर. मला फार आनंद झाला.

घडीवाल्या मुलीने ती घडी दिली नाही, अंकासाठी वेगळं पान दिलं, टाकीच्या आवाजावर जी लिहिते ती तिची मैत्रीण, तर हिने त्या मैत्रिणीबद्दल लिहिलंय, सहा ओळी. तो पहिला कागद तिच्या दप्तरातच आहे. वर्गशिक्षिका तिच्याशी अधूनमधून बोलतायत.

आणि लिफ्टवाला मुलगा पान पुन्हा लिहून घेऊन आला. त्याने घरी आजीला वाचून दाखवलं म्हणे. आजी चिडली. म्हणाली मी कधी रडते रे, काय वाट्टेल ते लिहितोस, मी गाड्या मोजते. त्यांच्या खिडकीतून लाईन दिसते. आजीला फास्ट कुठली स्लो कुठली ते आवाजावरून कळतं, आणि याचे बाबा कामावरून यायच्या वेळेला ती लोकल आली की ती चहाचं आधण ठेवते, सात मजले चढून ते येईपर्यंत चहा होतो. त्याने ‘रडते’ खोडून हे सगळं लिहिलंय, पान कमी पडलं म्हणून मागच्या बाजूलाही.

सायनचा_सिग्नल

चौकोनी ताई, आमच्या मुलीच्या शाळेत विचारून बघितलं. आठवीचा एक वर्ग आणि दोन शनिवार द्यायला तयार आहेत. मला लिहिण्यातलं काही येत नाही पण मुलांबरोबर बसून लिहीन. किती कागद लागतील?

चौकोनी_वही

दादा, एका मुलामागे दर वेळी तीन धरा, आणि वर पन्नास जास्त न्या, मागायला येतात. पहिल्या शनिवारी मी येते तुमच्याबरोबर. तुमची एकटं बसायची जागा कुठली होती ते आठवून ठेवा, पहिलं वाचन तुमचं.